पंख्याच्या चाकावरचं पागोटं

१

हे लिहायची मला हौस नाही. डोळ्याला नीट दिसत नाही, बोटं वाकडी झाली आहेत, आणि शाळा दुसरीत सुटली ती सुटलीच. पण नातसुनेनं, नर्मदानं, हट्ट धरला.

"आजोबा, तुमची पंख्याची गोष्ट जो तो आपल्या मनानं सांगून राहिला. कोनी म्हनतं आजोबा भ्याले, कोनी म्हनतं पिऊन व्हते. एकदा लिहून टाका न."

मी म्हटलं, जाऊ दे, मरू दे. तं बाईनं माझा दुपारचा चहाच बंद केला. म्हणजे हा कागद मी चहापायी लिहून राहिलो, हे आधीच सांगून ठेवतो.

भ्यालो होतो का? भ्यालो होतो. पण पिऊन नव्हतो. गळ्यात माळ तेव्हाही होती, आजही आहे. आणि भ्यालो तरी जागचा हललो नाही. गोष्ट एवढीच आहे. ज्याला भूत पाहिजे त्यानं दुसरीकडं जावं. तिथं भूत होतं असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही.

लढाई चालू होती, ती मोठी, जर्मनवाली. हिंगोलीहून कनेरगाव नाक्याकडं जाताना तेव्हा एक चुन्याचा कारखाना लागायचा. नाल्याकाठचे चुनखडे भट्टीत भाजायचे, चक्कीत दळायचे, आणि पोत्यात भरून देशी सिमिट म्हणून विकायचे. खरं सिमिट लढाईकडं चाललं होतं, म्हणून आमच्या पांढऱ्या पिठाला लई मागणी. आज तिथं तूर उभी राहते आणि पिकते पण चांगली.

भट्टीपासून धुराड्यापर्यंत विटांचा एक बोगदा होता, माणूस वाकून चालेल एवढा. बोगद्याच्या शेवटाला पंखा. छताला फिरतो तसला पंखा नव्हे. माणसाच्या उंचीचं लोखंडी चक्र, त्याला रुंद पाती, आणि सगळ्याभोवती पत्र्याची गोल पेटी. तो भट्टीतला धूर ओढून धुराड्यात फेकायचा. पंखा ओढतो तोवर भट्टी पेटती. पंखा मंदावला की भट्टी गुदमरते, चुना कच्चा राहतो, आणि मुकादमाच्या तोंडातून जे निघतं ते नर्मदाला वाचता येईल असं लिहिता येत नाही.

पंखा किती ओढून राहिला ते पाहायचं, हे माझं काम. दुसरं काही नाही. लोक हसायचे. "सोनाजी दिवसभर वारं पाहतो," म्हणायचे. पाहत होतो. पगार त्याचाच होता.

२

वारं पाहायला माझ्याजवळ एक काचेची नळी होती. बैलाच्या शिंगांसारखी दोन टोकं वर वळलेली, मध्ये पाणी. एक टोक रबरी नळीनं बोगद्याला जोडलेलं, दुसरं उघडं. पंख्यानं ओढलं की बोगद्याकडचं पाणी वर चढायचं, उघड्याकडचं उतरायचं. दोन्हीत चार बोटांचा फरक पडला की पंखा बराबर. फरक दोनावर आला की समजायचं, पात्यांवर चुन्याचा थर बसला. साधं पाणी पंख्यालगतच्या माझ्या अंधाऱ्या खोलीत दिसायचं नाही म्हणून मी त्यात कुंकू कालवलं होतं. हैदराबादहून येणारे इंजिनेर साहेब ते पाहून म्हणाले होते, "अच्छा किया, सोनाजी." साहेब भला माणूस होता. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

थर बसला की तो खरडायला माणूस आत जायचा. तो माणूस म्हणजे थावरा. कारखान्यामागच्या टेकाडापलीकडं तांडा होता, तिथला. अंगानं सडपातळ, आणि तोंडानं कारखान्यात त्याच्या वरचढ कोणी नाही. छन्नी आणि हातोडा घेऊन आत शिरायचा, पार पंख्याच्या चक्रात, दोन पात्यांच्या मध्ये बसायचा आणि ठोकायचा. त्याची बायको भिकाबाई भट्टीवर चुनखड्याची टोपली वाहायची.

आता नीट ऐका, कारण सगळं इथं आहे. इंजिन एकच होतं. त्यावरच चक्की चालायची, त्यावरच पंखा. थावरा आत असला तरी मुकादम चक्की थांबू द्यायचा नाही. पंख्याच्या आसाचं एक चाक पेटीबाहेर, माझ्या खोलीत होतं. म्हणून इंजिन फिरतंच राहायचं, फक्त त्या चाकावरचा पट्टा दांड्यानं सरकवून शेजारच्या मोकळ्या चाकावर घालायचा. पट्टा मोकळ्या चाकावर फिरत राहतो, पंखा उभा राहतो. पण कोणी तो दांडा हातभर ओढला तं पट्टा परत पंख्यावर. आतल्या माणसाचं काय होईल ते मी लिहीत नाही.

म्हणून तांड्याच्या लोकांचा एक दस्तूर होता. आत जाणारा माणूस आपलं पागोटं सोडायचा आणि पंख्याच्या चाकाच्या आऱ्यांना बांधायचा, गाठ मारून. जोवर पागोटं चाकावर तोवर दांड्याला कोणी हात लावायचा नाही. आणि बाहेर आल्यावर त्यानं स्वतः, स्वतःच्या हातानं गाठ सोडायची. दुसऱ्यानं नाही, त्याच्या भावानंसुद्धा नाही. हा दस्तूर कोणी पाडला ते मला ठाऊक नाही. मी कामाला लागलो तेव्हा होता. मी तो पाळत आलो.

३

एका दुपारी थावरा आत होता. पागोटं चाकाला बांधलेलं, लाल, घामानं काळपटलेलं. भट्टीकडची लोखंडी पाटी खाली सोडलेली, म्हणजे धूर बंद. मी नळीपुढं पोत्यावर बसलेलो. आतून ठोकल्याचा आवाज येऊन राहिला होता. थावराचा हात मला पाठ होता. दोन हलके, एक जड. टक टक, ठक. टक टक, ठक.

पंखा बंद असला की नळीतलं पाणी सारखं पाहिजे. धुराडं गरम असतं, ते थोडं आपसूक ओढतं, म्हणून बोगद्याकडचं पाणी केसभर वर. ते साहेबानं मला समजावून दिलं होतं आणि ते बराबर होतं.

त्या दिवशी उघड्याकडचं पाणी वर होतं.

म्हणजे आतून कोणी ओढत नव्हतं. आतून वारं बाहेर येत होतं. मी रबरी नळी चाचपली, चिमटली नव्हती. पाहून राहिलो तं पाणी हळूहळू उतरलं, सारखं झालं, मग बोगद्याकडं चढलं. थांबलं. मग परत उघड्याकडं. घाई नाही काही. रवंथ करून निजलेल्या बैलाची कूस पाहा, तशी ती कुंकवाची रेघ वरखाली होऊन राहिली होती.

मी म्हटलं, धुराड्याच्या तोंडावर वारं असेल. बाहेर जाऊन पाहिलं. लिंबाचं पान हलत नव्हतं. म्हटलं, थावरा आत हलतो त्याचं असेल. पण सडपातळ माणसाच्या हलण्यानं एवढा बोगदा श्वास घेत नाही. परत येऊन बसलो तं पाणी स्थिर. मग मी स्वतःलाच शिवी दिली आणि तंबाखू मळली.

थावरा बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. आधी हौदावर गेला, चूळ भरली, थुंकला, आणि नेहमीसारखी मुकादमाच्या सात पिढ्यांना शिवी घातली. ही त्याची रीत होती. मग पागोटं सोडायला खोलीत आला.

"थावरा, आत वारं व्हतं का रे?"

"वारं कुठलं दादा, जीव जाते आत. पन दुसरा मानूस धाडला ते बरं केलं. काम लवकर झालं."

"कोन दुसरा?"

"पल्याडच्या बाजूनं खरडून राहिला व्हता न. चांगला हात हाय त्याचा. मी थांबलो का थांबे, मी ठोकलं का ठोके." तो गाठ सोडत म्हणाला. "कोन हाय, आमच्या तांड्याचा का?"

मी चाकाकडं पाहिलं. तिथं एकच पागोटं होतं.  

४

त्यानंतर पंखा सुधारला.

सुधारला म्हणजे असा की मी घाबरलो. बिघाडाला मी घाबरत नाही, बिघाडाला कारण असतं. ह्याला कारण नव्हतं. इंजिन तेच, पट्टा तोच, चाकाचा वेग तोच. पण नळीत फरक पाच बोटं, मग सहा. नवा बसवला तेव्हासुद्धा पंख्यानं एवढं ओढलं नव्हतं. भट्टी लालबुंद, चुना हलका, दुधासारखा. पात्यांवर थर म्हणून बसेना.

हरिचंद मुकादम खूश. गोल टोपी, हातात वेताची छडी, तोंडात पान. वारंग्याकडं सडकेवर फौजेचा एक पूल बांधणं चालू होतं, त्याचा माल आमच्याकडून जाणार होता, आणि मुकादमाला त्यावर मॅनेजर व्हायचं होतं.

"सोनाजी, काय जादू केली रे पंख्यावर?"

"म्या काही केलं न्हाई. म्हनून तं सांगून राहिलो. हे बराबर न्हाई."

"पंखा कमी ओढे तवा तुजी बोंब. आता जास्ती ओढते तरी तुजी बोंब! लेका, तुला काय पाह्यजे?"

"चार बोटं पाह्यजेत," मी म्हटलं. तो इतका हसला की पान अंगरख्यावर सांडलं.

साहेब आले तेव्हा मी त्यांना दाखवलं. त्यांनी नळी बदलली, रबर बदललं, खिशातल्या घड्याळावर चाकाचे फेरे मोजले. फरक सहा बोटं.  मग म्हणाले, "मेरी समझ में नहीं आता, सोनाजी. तू नजर रख." मला नाही समजत, असं तोंडावर म्हणणारा तेवढा एकच शिकलेला माणूस मी पाहिला.

मी नजर ठेवली, आणि कानही ठेवला. पंख्याच्या पोटात काय चाललंय ते ऐकायला आमच्याजवळ एक सळई असायची. एक टोक पेटीला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला. आतलं सगळं सळईतून येतं, खुंटा सैल असला तं खडखड, वंगण संपलं तं किरकिर. एका सकाळी पंखा जोरात फिरत असताना मी सळई लावली. पंख्याचा तो घुमणारा सूर आला. आणि सुराच्या आत, खाली, शांतपणे चाललेलं.

टक टक, ठक. टक टक, ठक.

फिरत्या पंख्यात. जिथं उंदीर गेला तरी त्याचं पीठ होईल तिथं.

मी म्हटलं, पातं सैल झालं असेल. पण सैल पातं फेऱ्याबरोबर वाजतं, भरभर. हे फेऱ्याबरोबर नव्हतं. ह्याला मध्येच थांबून दम घ्यायला वेळ होता. थावरा बाहेर पोती शिवत बसला होता. मी त्याला बोलावलं, सळई त्याच्या हातात दिली आणि काही सांगितलं नाही. त्यानं कान लावला. आधी हसत होता. मग हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. सळईवरची त्याची बोटं आपोआप हलायला लागली, ताल धरून.

"काय हाय?" मी विचारलं.

त्यानं सळई माझ्या हातात नाही दिली, भिंतीला टेकवून ठेवली, हळूच, जसं निजलेलं लेकरू ठेवावं.

"दादा," तो म्हणाला, "ह्यो माजाच हात हाय."

५

मग एका दिवशी, ऐन दुपारी, पाणी पडलं. सहावरून एकदम दोनावर, दोनावरून एकावर. मी उठून उभा राहतो तोवर भट्टीतून काळा धूर उलटा फिरला, वरच्या बाया खोकत खाली पळाल्या. पुलाच्या मालाच्या गाड्या दारात जुंपलेल्या. मुकादम छडी आपटत आला.

"थावरा! आत जा, खरड. उठ!"

थावरा उठला नाही. भिंतीला पाठ लावून बसला होता.

"म्या न्हाई जात."

"काहून न्हाई जात?"

थावरा माझ्याकडं पाहू लागला. मी म्हटलं, "मुकादम, आज राहू द्या. भट्टी निवू द्या, इंजिन बंद करा, मग म्या सोता आत जातो त्याच्यासंगं."

"चक्की बंद करून? गाड्या दारात उभ्या ठेवून? तुमा दोघाला काय झालं रे, रातची उतरली न्हाई का?" मग थावराकडं वळून म्हणाला, "तू न्हाई गेला तं उद्यापासून तूबी न्हाई, तुजी बायकोबी न्हाई, आन् तांड्याचं एक मानूस ह्या दारात दिसनार न्हाई. जा सांग तुज्या नायकाला."

तांड्यातल्या निम्म्या चुली त्या भट्टीवर पेटत होत्या. थावरा उठला. छन्नी घेतली. पागोटं सोडून चाकाला बांधलं, आणि त्या दिवशी गाठ दोनदा मारली. मला म्हणाला, "दादा, तुमी हितंच बसा."

"म्या कुठं जातो," मी म्हटलं.

तो खोलीमागच्या झडपेतून आत गेला. ती झडप मला बसल्या जागी दिसायची नाही. समोरच्या खिडकीतून हौद दिसायचा आणि चाक माझ्या हाताशी. दांड्याजवळ इंजिनावरचा किसनसिंग उभा. मी सळई कानाला लावली.

आधी एक हात. मग दोन. एक अल्याड, एक पल्याड, दोघांचा ताल एक. नळीत पाणी वरखाली होऊ लागलं, हळू, निवांत. मी मनाशी ठरवलं. मला हे समजत नाही, समजायची गरजही नाही. मला एकच काम आहे. हे पागोटं थावरा सोडत नाही तोवर हे चाक फिरत नाही. बास.

६

थोड्या वेळानं सळईतला एक हात थांबला. एकच उरला.

आणि खिडकीतून मला दिसलं, थावरा बाहेर आला होता. पांढरा, डोक्यापासून पायापर्यंत, उघडं डोकं, हातात छन्नी. चालत हौदापाशी गेला आणि उभा राहिला. आमच्याकडं पाठ.

"निघाला!" मुकादम दारातून ओरडला. "किसनसिंग, पट्टा घाल!"

"थांबा," मी म्हटलं. "पागोटं चाकावर हाय."

"अरे तो समोर उभा हाय, आंधळ्या! थावरा, ए थावरा!"

हौदाजवळच्यानं हात वर केला. मुकादम माझ्याकडं वळला. "पाह्यला? सोड ते फडकं अन् हो बाजूला."

"तो येऊन सोडंल."

मी खिडकीकडं पाहत होतो. हौद पुढ्यात असून त्यानं चूळ भरली नव्हती. पाण्याला हात लावला नव्हता. आणि शिवी दिली नव्हती. एवढ्या दिवसांत थावरा शिवी न देता त्या बोगद्यातून कधी निघाला नव्हता.

भिकाबाई नेहमीसारखी त्याच्याकडं लोटा घेऊन निघाली होती. जवळ जाता जाता थांबली. मग उलट्या पावली सरकली, आणि एकदम खिडकीशी आली. तिनं खिडकीचा गज धरला.

"दादा, पट्टा घालू देऊ नका."

"काहून, बाई?"

"माज्याकडं पाहून हासले." तिनं हौदाकडं बोट केलं. "ते मला कामावर पाहून कदी हासत न्हाईत, दादा. कदीच न्हाई."

"आता बायकोकडं पाहून हासायचीबी चोरी!" मुकादम म्हणाला. "किसनसिंग, दांडा ओढ! माजा हुकूम हाय!"

किसनसिंगनं दांड्याला हात घातला. माझ्याजवळ त्याला पटवायला काही नव्हतं. काय सांगणार होतो, नळीतलं पाणी श्वास घेतं? मग मी उजवा हात खांद्यापर्यंत चाकाच्या आऱ्यांत घातला, पागोट्याशेजारी, आणि आतल्या बाजूनं आरा घट्ट धरला.

"ओढ," मी म्हटलं. "ओढ किसनसिंग. आधी माजा हात जाईल, मग त्याचा जीव."

"सोनाजी, हाथ निकाल बावा," किसनसिंग रडकुंडीला आला. "पागल हो गया क्या?"

मुकादम आत आला. त्यानं माझ्या तोंडात मारली. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, सगळ्या बायामाणसांसमोर. "दारुड्या," म्हणाला. "भेकड. फौजेचा माल अडवतो? तुज्या माळेची शरम वाटू दे." माझी टोपी उडाली. माझ्या ओठातून रक्त आलं ते कुंकवाच्या पाण्याच्या नळीवर उडालं. मी हात काढला नाही. डाव्या हातानं चाचपडत सळई घेतली आणि पेटीला लावली.

टक टक, ठक.

आत होता. आत एक माणूस होता आणि काम करून राहिला होता.

मी डोकं वर केलं तेव्हा हौदावरचा वळला होता. खिडकीत, उन्हात, माझ्या अगदी समोर. तोंडावर चुना इतका बसलेला की ओठ कुठं संपतात ते कळत नव्हतं. तो चाकाकडं पाहत होता, पागोट्याकडं. त्याची छाती एकदा भरली, सावकाश, आणि उतरली. आणि माझ्या नाकासमोर नळीतलं लाल पाणी त्याच्याबरोबर चढलं, त्याच्याबरोबर उतरलं.

एवढंच मी पाहिलं. ह्याच्यापुढं मला विचारू नका.

मग मागच्या झडपेतून शिवी आली. मुकादमाच्या सात पिढ्यांची, बराबर, एक पिढी कमी नाही. छन्नी दगडावर आपटल्याचा आवाज आला, आणि थावरा खोकत, डोळे चोळत, खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. पांढरा.

"काहून गर्दी केली?" म्हणाला. "अन् दादा, तुमचा हात तिथं काहून?"

 किसनसिंगनं दांडा असा सोडला जसा तो तापलेला आहे. सगळ्यांनी एकदम हौदाकडं पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. भिकाबाईचा लोटा मातीत आडवा पडला होता.

थावरानं गाठ सोडली. दोनदा मारलेली गाठ, दोनदा सोडली. तेव्हा मी हात काढला. तो दोन दिवस वर उचलेना.

७

मुकादमानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं की हौदावर भट्टीचा कोणी मजूर होता. होऊ शकतं. तिथं सगळेच पांढरे असायचे, पाठमोऱ्या माणसात फरक कळायचा नाही. मीही तसं मनाला सांगून पाहिलं आहे. पण तो मजूर कोण ते कोणी पुढं येऊन बोललं नाही, आणि थावरा जितका वेळ जगला तितका वेळ मी त्याला एकच गोष्ट विचारली.

"त्या दिवशी आत दुसरा व्हता का?"

"व्हता, दादा. पन अर्ध्यातून उठून गेला. माज्या अंगावरून गेला, झडपेकडं. मला वाटलं तुमाला दिसला असंल."

पंखा परत चार बोटांवर आला आणि तिथंच राहिला. त्या दिवशी गाड्या वेळेवर भरल्या नाहीत म्हणून वारंग्याचा पूल आमच्या मालाविना झाला, मुकादम मॅनेजर झाला नाही, आणि ह्याचं खापर त्यानं माझ्यावर फोडलं. लढाई संपली, मग रझाकारांची धामधूम आली, त्यात कारखाना बंद पडला तो पडला. पंखा कोणी भंगारात नेला म्हणतात. कुठं नेला ते मी विचारलं नाही.

थावरा म्हातारा होऊन आपल्या खाटेवर मेला, लेकरं-नातवंडं पाहून. मी मौतीला गेलो होतो. परतताना भिकाबाई तांड्याच्या तोंडापर्यंत सोबत आली. तिथं थांबली आणि म्हणाली, "दादा, तुमी त्या दिवशी हात घातला नसता तं ह्ये आतच ऱ्हायले असते, अन् म्या हौदावरच्यालाच घरी नेलं असतं. भ्याले व्हते म्या, पन हासला व्हता न माज्याकडं पाहून. म्या काय करनार व्हते, लोटा दिला असता अन् संगं घेऊन गेले असते."

 त्या बाईनं एका वाक्यात माझं पिणं, भिणं, पागलपण सगळं धुऊन टाकलं. तेवढं मला पुरलं असतं, जर मी दारुडा ही गोष्ट गावभर फिरवणारा अजून जिता नसता. तो आहे. वारंगा फाट्यावर त्याच्या लेकाचं दुकान आहे, समोर बाकड्यावर पान चघळत बसलेला असतो, आणि मला पाहिलं की रस्त्यापलीकडं मान वळवतो. नर्मदा म्हणते आजोबा, आता सोडून द्या. मी म्हणतो, चहा दे आधी, आणि मग ऐक. दोन थपडा मारल्या, माझ्या माळेवर बोलला, आणि त्याच खिडकीतून त्यानं माझ्याइतकंच पाहिलं होतं. माफी मागायची राहिली आहे ती त्याची, हरिचंद मुकादमाची.